पाणी आणि पत

प्रवासाची आखणी म्हटली की नकाशा, अंतर, मुक्काम आणि खर्च ही चार कलमे डोळ्यांपुढे येतात. सरकारी दौऱ्यांची सवय असलेल्या आम्हा मंडळींना तर ती तोंडपाठच असतात. परंतु ज्या मुलखातून जावयाचे, त्या मुलखात आपल्या नावाची पत काय आहे, हे पाचवे कलम सहसा कोणी मांडीत नाही. येत्या हिवाळ्यात लखनौहून निघून चंबळेच्या घळी ओलांडाव्यात आणि जयपूर, अजमेर, नागोर, जोधपूर असे करीत जैसलमेरच्या वाळूपर्यंत मोटारीने जावे, असा बेत आम्ही काही मराठी मंडळींनी केला आहे. त्या निमित्ताने जुने कागद पुन्हा चाळले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. ही वाट आपल्या लोकांना नवी नाही. अठराव्या शतकात ती त्यांच्या पायाखालची होती. आणि त्या काळच्या यशापयशाचा हिशेब मांडू गेल्यास तो अंतराच्या किंवा खर्चाच्या कलमाखाली बसत नाही. तो या पाचव्या कलमाखाली बसतो.

प्रथम भूमीचा विचार करू. लखनौहून आग्र्यास जाणारा ३०२ किलोमीटरांचा द्रुतगती मार्ग २०१६ साली खुला झाला, आणि इटाव्याला पोचणे आता एका सकाळचे काम झाले आहे. इटाव्याहून दक्षिणेकडे भिंडच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरात आधी यमुना आणि मग चंबळ अशा दोन नद्या ओलांडाव्या लागतात. महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावलेली चंबळ सुमारे ९६० किलोमीटरांचा प्रवास करून याच इटावा जिल्ह्यात यमुनेला मिळते. तिच्या दोन्ही काठांची जमीन म्हणजे नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेला मऊ गाळ. नदीचे पात्र खोल. त्यामुळे पावसाचे पाणी पात्राकडे धावताना ही माती चिरीत जाते. एका चिरेतून दुसरी फुटते, तिसरी मागे मागे शेतांत शिरते, आणि पाहता पाहता सपाट रानाचे मातीच्या कड्यांचे व गल्ल्यांचे एक चक्रव्यूह बनते. यालाच तिकडचे लोक बीहड म्हणतात. सह्याद्रीतली दरी पाषाणाची असते, पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते. बीहड मात्र दर पावसाळ्यात आपली जागा बदलते. आजोबांनी नांगरलेले शेत नातवाच्या काळी घळ झालेले असते. अशा जागी वाट ठाऊक असणारा माणूस सोबत नसेल, तर फौज असो वा एकटा वाटसरू, दोघेही सारखेच आंधळे.

अरवलीच्या पलीकडे प्रश्न उलटा होतो. तेथे वाट कोठेही काढावी. पाणी मात्र कोठेही मिळत नाही. लखनौस वर्षाकाठी शंभर सेंटिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरास वीसही पडत नाही. म्हणून त्या मुलखातील माणसाने पावसाचा थेंबन्‌ थेंब धरण्याची विद्या साधली. घराच्या अंगणात जमिनीखाली टांके बांधावे, भोवतालची उताराची जमीन स्वच्छ राखावी आणि तिच्यावर पडलेले पाणी टाक्यात उतरवावे. गावाच्या तळ्याला पाणी पुरविणारी अशी जमीन म्हणजे आगोर. तिच्यावर घाण करावयाची नाही, हा गावाचा कायदा. जैसलमेरचा गडसीसर तलाव चौदाव्या शतकात रावळ घडसीच्या नावाने प्रसिद्ध झाला आणि पुढे कितीतरी शतके त्या शहराने त्याच्यावरच तहान भागविली. आता इंदिरा गांधी कालव्याचे पाणी त्या जिल्ह्यात पोचले असले, तरी गावांच्या नावांतून जुना जमाखर्च अजून वाचता येतो. नावाच्या शेवटी ‘सर’ आले की तेथे कोणी एकेकाळी तळे राखले होते, असे समजावे.

या भूमीतून घोडदळ नेणे म्हणजे काय, याचा अंदाज करून पाहावा. एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. दहा हजार घोडी म्हटली की अडीच-तीन लाख लिटर झाले. माणसे, बैल, उंट आणि बाजारबुणगे यांचा हिशेब वेगळाच. हे पाणी कोणाचे? तर ज्या गावाने ते वर्षभरासाठी साठविले त्या गावाचे. म्हणजे मारवाडात शिरणारी फौज लढाई न करताही गावाचे वर्षभराचे जीवन एका मुक्कामात पिऊन टाकू शकते. पाणी आणि पत या दोन गोष्टी त्या मुलखात एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे एवढ्यावरून लक्षात यावे.

पतीच्या बळावर झालेला एक प्रवास आमच्या इतिहासात आहे, आणि तो एका वृद्ध विधवा स्त्रीचा आहे. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई यांनी १७३५ च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तरेच्या यात्रेस प्रस्थान ठेवले. मे महिन्यात त्या उदेपुरास पोचल्या. तेथून नाथद्वारा आणि जूनच्या उत्तरार्धात जयपूर. पुढचा पावसाळा त्यांनी जयपुरातच काढला. हा मुक्काम आमच्या मते आखणीचा उत्तम नमुना होय. चातुर्मासात नद्यांना पूर असताना वाट चालायची नाही, एका समर्थ यजमानाच्या घरी राहावयाचे, आणि पाणी ओसरल्यावर मथुरा, प्रयाग व काशी गाठावयाची. ऑक्टोबरात त्या काशीस होत्या, आणि पुढल्या वर्षी सुखरूप पुण्यास परतल्या. सवाई जयसिंगाने त्यांचा मोठा सन्मान केला. मोगल सरदारांच्या अमलातूनही यात्रा निर्विघ्न पार पडली; बाजीरावांशी जैतपूरला झुंजलेल्या महंमदखान बंगषानेदेखील या वृद्धेच्या वाटेत काटा टाकला नाही. दौऱ्याचा कार्यक्रम पुढे कळवून ठेवणे म्हणजे काय, हे आम्ही नोकरीत शिकलो. राधाबाईंचा कार्यक्रम वकिलांनी दरबारोदरबारी आधी कळविलेला होता, आणि ज्याने त्याने तो आपल्या अब्रूचा विषय मानला.

आईने मळलेल्या वाटेने पुढल्याच वर्षी मुलगा आला. १७३६ च्या आरंभी बाजीराव उदेपुरास गेले, तेव्हा महाराण्यांनी बरोबरीचे आसन मांडले असता ते त्या आसनावर न बसता खाली बसले, अशी हकीकत सांगतात. मार्चमध्ये किशनगडाजवळ त्यांची सवाई जयसिंगाशी भेट झाली. चौथाईची बोलणी याच फेरीत झाली, हे खरे. परंतु बोलण्यात रीत होती आणि समोरच्याचा मान राखलेला होता.

त्यानंतरच्या वर्षी, १७३७ साली, बीहडांची पाळी आली. बाजीरावांच्या फौजेने चंबळेच्या काठचे अटेर हे भदावरच्या राजाचे ठाणे घेतले. राजा सामना देण्यास बाहेर पडला असता मराठ्यांच्या एका तुकडीने दुसऱ्या वाटेने मागे जाऊन शहर गाठले. तो किल्ला आज पडक्या स्थितीत चंबळेच्या घळींवर उभा आहे, आणि आमच्या यादीत त्याचा क्रमांक पहिला आहे. पुढे मल्हारराव होळकर यमुना उतरून अंतर्वेदीत शिरले. तेथे त्यांची गाठ पडली अवधचा सुभेदार सादतखान याच्याशी. लखनौकरांच्या नवाबी परंपरेचा हाच मूळपुरुष. जलेसरपाशी त्याने होळकरांना मागे रेटले आणि मराठ्यांना चंबळेपार हाकलल्याची बढाई बादशहास लिहून पाठविली. तिला उत्तर म्हणून बाजीराव मोगली फौजांना बगल देऊन मेवाताच्या वाटेने थेट दिल्लीपुढे उभे राहिले, ही कथा प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. दिल्लीहून परतताना ते रेवाडी व कोटपुतळीच्या वाटेने राजपुतान्यात उतरले, ही गोष्ट त्या मानाने कमी ठाऊक असते. जाताना आणि येताना पाठीशी राजपूत राजे वैरी नव्हते, म्हणून ती झेप साधली. घोड्यांचा वेग आम्ही आवडीने सांगतो. तो वेग ज्या पतीवर उभा होता तिचा उल्लेख करावयाचे राहून जाते.

पुढे ही पत कशी खर्च झाली, ते सांगणे आम्हास सुखाचे नाही; पण जयपूरला जाणाऱ्याने ते जाणून गेले पाहिजे. सवाई जयसिंग १७४३ साली वारला आणि ईश्वरीसिंग व माधोसिंग या त्याच्या मुलांत गादीचा तंटा लागला. मराठी सरदारांपैकी कोणी एकाच्या बाजूस, कोणी दुसऱ्याच्या. आणि तंटा मिटविण्याची रक्कम मात्र दोघांच्याही माथी. पेशव्यांवर कर्ज, सरदारांवर पेशव्यांचा तगादा, आणि सरदारांचा तगादा जयपूरवर, अशी ती साखळी होती. वसुलीच्या कामात ज्यांनी उमेदीची वर्षे घातली आहेत, त्यांना ही साखळी निराळी समजावून सांगावयास नको. १७५० च्या डिसेंबरात होळकरांची फौज जवळ आली, बाकी फेडण्यास पैसा उरला नाही, आणि ईश्वरीसिंगाने विष घेऊन आपला शेवट करून घेतला. आपल्या एका विजयाच्या स्मरणार्थ त्याने १७४९ च्या सुमारास उभारलेला ईसरलाट हा मनोरा त्रिपोलिया बाजाराच्या बाजूस आजही उभा आहे.

माधोसिंग मराठ्यांच्या मदतीने गादीवर आला. पण मागणीचा आकडा काही खाली आला नाही. १० जानेवारी १७५१ रोजी मराठी छावणीतली माणसे नेहमीप्रमाणे जयपूर शहरात शिरली होती. १७२७ साली वसलेले ते नवे शहर, त्याचे सरळ रस्ते, देवळे आणि पेठा पाहावयास, सौदा करावयास लोक गेले होते. दुपारी शहराचे दरवाजे लागले आणि कत्तल सुरू झाली. ती रात्रीपर्यंत चालली. समकालीन लिखाणात मृतांचा आकडा हजारांत दिलेला आढळतो. मारले गेलेले पुष्कळसे त्या क्षणी लढवय्ये नव्हते; शहर पाहावयास आलेले प्रवासी होते. ज्या जयपुरात पंधरा वर्षांपूर्वी पेशव्यांची आई एक पावसाळा सन्मानाने राहिली, त्याच जयपुराच्या रस्त्यांत हे घडले. रस्ते तेच होते, दरवाजे तेच होते. निरपराध वाटसरूंची हत्या कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही. पण ती आकाशातून पडली नाही, एवढे मराठी वाचकाने स्वतःशी कबूल केले पाहिजे.

पश्चिमेस आणखी पुढे गेले की नागोर लागते. मारवाडच्या गादीसाठी रामसिंग आणि विजयसिंग भांडत होते. जयाप्पा शिंदे रामसिंगाच्या बाजूने उतरले. १७५४ मध्ये मेडत्याजवळ विजयसिंगाचा पराभव झाला आणि तो नागोरच्या किल्ल्यात जाऊन बसला. वेढा महिनोन्‌महिने चालला. नागोरलगत ताऊसर येथे जयाप्पांचा तळ होता. ‘सर’ म्हणजे तळे, हे वर सांगितलेच आहे. वाळूच्या मुलखात छावणी पाण्यापासून हलू शकत नाही. १७५५ च्या जुलैत राठोडांकडून बोलणे करण्यास आलेल्या माणसांनी याच छावणीत जयाप्पांचा खून केला. दत्ताजी शिंदे यांनी मोहीम शेवटास नेली, खंडणीचा करार झाला, अजमेर मिळाले. कागदावर हा विजयच होता. अजमेर तर पुढे मध्ये मध्ये हातचे जात-येत १८१८ पर्यंत शिंद्यांच्या अमलाखाली राहिले. पण मारवाडात मित्र म्हणून कोणी उरला नाही.

या सर्वांचे बिल १७६० साली एकदम पुढे आले. सदाशिवरावभाऊंची फौज मेअखेरीस ग्वाल्हेरीस व जूनमध्ये चंबळेवर पोचली. पाऊस लवकर लागला, यमुना फुगली, इटाव्याकडे नावा जमवून पूल बांधण्याची गोविंदपंत बुंदेल्यांस केलेली आज्ञा पुरात वाहून गेली. पाण्याने असा दगा दिला. पतीचा दगा त्याहून मोठा होता. जयपूरचा माधोसिंग आणि मारवाडचा विजयसिंग दोघेही स्वस्थ बसून राहिले. अवधच्या शुजाउद्दौल्यास दोन्ही पक्ष आपल्याकडे ओढीत होते; नजीबखान स्वतः जाऊन त्याला अब्दालीकडे घेऊन गेला. शुजाच्या पदरी काशीराज नावाचा एक दक्षिणी ब्राह्मण कारकुनी करीत होता. घरापासून दूर परमुलखातल्या कचेरीत बसलेला हा आमचाच एक पूर्वज म्हणावयाचा. त्याने १७८० साली फारसीत पानिपतचा वृत्तान्त लिहिला. दक्षिणी लोकांच्या लोभाविषयी उत्तरेत जी नाराजी होती, ती आपल्यापर्यंत पोचते ती मुख्यतः त्याच्यासारख्यांच्या लेखणीतून. आणि पानिपतावर विश्वासरावांच्या देहास अग्निसंस्कार मिळावा म्हणून शुजाने खटपट केली, त्या खटपटीतही हा काशीराज होता. दोन्ही बाजूंचे बोलणे ज्याला समजते, अशा परमुलखी नोकराचे मोल त्या दिवशी कळले.

भरतपूर व डीग ही गावे आमच्या वाटेवर आहेत आणि तेथे मुक्काम करावयाचाच, असे ठरले आहे. १७५४ साली मराठ्यांनी सूरजमल जाटाच्या कुंभेरीस वेढा घातला होता आणि खंडेराव होळकर तेथेच पडले. १७६० मध्ये सूरजमल भाऊंबरोबर दिल्लीपर्यंत आला आणि बेबनाव होऊन परत गेला. तरी पानिपतानंतर उघडी-नागडी, जखमी मराठी माणसे त्याच्या राज्यात आली, तेव्हा त्याने त्यांना अन्नवस्त्र दिले, औषधपाणी केले आणि पुढे ग्वाल्हेरकडे पोचते केले. आमची पत संपली होती. त्याने आपल्या पदरची घातली. या ऋणाची आठवण म्हणून तरी मराठी प्रवाशाने डीगचे महाल घाईने पाहू नयेत.

यानंतर महादजी शिंद्यांनी उत्तरेत पुन्हा मराठी सत्ता उभी केली, लालसोट, पाटण आणि मेडते ही रणक्षेत्रे गाजली. त्यांची स्थळे याच वाटेच्या आसपास आहेत आणि इतिहासप्रेमींनी ती जरूर पाहावीत. आम्हास मात्र येथे एका निराळ्याच प्रवासाकडे लक्ष वेधावयाचे आहे. भाऊंची फौज चंबळ उतरली त्याला बरोबर दोनशे वर्षे होत असताना, १९६० च्या मे महिन्यात, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा एक मराठी माणूस भिंड-मुरैनाच्या बीहडांत पायी शिरला. ते विनोबा भावे. मानसिंग या नामांकित डाकूचा मुलगा तहसीलदारसिंग याने तुरुंगातून त्यांना पत्र लिहिले होते. विनोबांच्या पुढे वीसेक डाकूंनी येऊन शस्त्रे ठेवली. पोलिस खात्यातून या प्रकारावर टीका झाली आणि ती सर्वस्वी निराधार होती असेही नाही. डाकूंचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यापुढे शेकडो डाकूंनी शरणागती दिली, तेव्हा त्या पायवाटेचा रस्ता झाला. परंतु बीहडांत वाट दाखविणारा माणूस लागतो, हे जे आरंभी सांगितले, ते येथे फार वेगळ्या रीतीने खरे ठरले. विनोबांनी कोणाकडे काही वसूल करावयाचे नव्हते, म्हणून त्यांना वाट दाखविणारे आपण होऊन पुढे आले.

लखनौकरांना असे दुसरे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. कैसरबागेतल्या संगीत महाविद्यालयाची प्रतिष्ठापना १९२६ साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने झाली. आज त्याचे विद्यापीठ झाले आहे आणि त्याला भातखंड्यांचेच नाव आहे. त्यांनीही आयुष्यभर हिंदुस्थान पालथा घातला. पण वही घेऊन, शिकावयास. नवाबांच्या शहराने एका मराठी वकिलाचे नाव आपल्या विद्येच्या घरावर लिहावे, ही पत तलवारीने मिळालेली नाही.

आता आमची आखणी सांगून हा लेख पुरा करतो. निघावयाचे ते पावसाळा संपून माती सुकल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यास. १८०४ च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांपुढे माघार घेणाऱ्या मॉन्सनच्या इंग्रजी पलटणींनी मुकुंदवाऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत आपल्या तोफा चिखलात टाकल्या, तेवढा धडा पुरे आहे. पहिला दिवस इटावा व अटेर; बीहडांत स्थानिक वाटाड्यावाचून पाऊल टाकावयाचे नाही. मग ग्वाल्हेर, धोलपूर, भरतपूर, डीग. जयपुरास दोन दिवस, त्यांतली एक सकाळ ईसरलाटेस राखून. पुढे सांभर, अजमेर व पुष्कर. मग मेडता, नागोर आणि ताऊसर. तेथून जोधपूर साधारण १४० किलोमीटर आणि जोधपुराहून जैसलमेर २८० च्या आसपास. मारवाडात गाडीत पाण्याचे पिंप भरून ठेवावयाचे आणि गावाच्या टाक्यावर हक्क सांगावयाचा नाही. कोणी आपण होऊन दिले तर दोन्ही हात पुढे करून घ्यावयाचे.

मुलेही बरोबर आहेत. त्यांना बाजीरावांची झेप सांगावयाची, तशीच जयपूरची ती दुपारही सांगावयाची. राधाबाईंचा पावसाळा आणि सूरजमलाचे अन्नछत्र तर अवश्य. मुक्कामाच्या गावी ज्यांचा परिचय आहे, त्यांस आम्ही पत्रे धाडली आहेत. त्यांत नागोरच्या एका निवृत्त शिक्षकांचे उत्तर सर्वांच्या आधी आले. त्यांनी लिहिले आहे की ताऊसर ते स्वतः दाखवतील, आणि मंडळींनी दुपारचे जेवण त्यांच्याच घरी घ्यावे.